डब्याच्या पिशवीतले सहा आवाज

आमच्या सेठजींच्या होम थिएटरचा खरा आवाज मी तीन आठवडे डब्याच्या पिशवीतून रोज सांवेर रोडच्या कारखान्यात नेत होतो आणि संध्याकाळी घरी परत आणत होतो. पिशवीत पोळी, भाजी आणि कैरीचं लोणचं असायचं. आवाज कुठे असायचा, ते पुढे येईलच.

मी मुळात भित्रा माणूस. शाळा महूला झाली, आजोबांकडे. आजोबा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले, आणि त्यांनी मला एक गोष्ट शिकवली होती, "फॉर्मवर रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा रकाना म्हणजे गैरहजर शिपाई!" नोकरीच्या फॉर्मवर 'छंद' असा रकाना आला तेव्हा मी घाबरून 'इलेक्ट्रॉनिक्स' असं लिहून टाकलं. आधार एवढाच की दहावीत मी आजोबांचा ट्रान्झिस्टर उघडला होता. (तो त्यानंतर कधी बोलला नाही, पण हे लिहायला रकान्यात जागा नव्हती.)

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. बी.एस्सी., फिजिक्स. नोकरी लागली ती शेव-मिक्श्चरची पाकिटं तयार करणाऱ्या कारखान्यात. पाकीट फुगवायचं, कानाशी धरायचं, कुठून हवा सुटते का ते ऐकायचं, हे माझं काम. सहा महिने कच्ची नोकरी, मग मालक म्हणतील तर पक्की. घरात तेवढा एकच पगार होता, कारण दादांची मिल बंद झाली होती.

दादा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं ते मिलच्या साचेखात्यात होते; साचे म्हणजे माग. तिथे शेकडो माग एकदम चालतात आणि कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं आवाज न करता नुसते ओठ हलवून बोलतात. तीस वर्षांत मिलने दादांचे कान ठेवून घेतले आणि ओठ घरी पाठवले. आई ती भाषा शिकली, मीही शिकलो. त्यामुळे आमच्या घरातलं कुठलंच भांडण शेजारी कधी ऐकू गेलं नाही. (सगळं नंदानगर म्हणायचं, काय समंजस कुटुंब आहे!)

दादा ऐकायचे तळहाताने. चालत्या मागावर हात ठेवून सांगायचे, आतला कुठला खिळा ढिला झालाय ते. मी ग्रॅज्युएट झालो त्या दिवशी त्यांनी माझी मार्कशीटसुद्धा तळहातावर ठेवून पाहिली, जणू तीही आतून चालतेय. माझ्या फीसाठी त्यांनी कितीदा दोन-दोन पाळ्या केल्या होत्या. आणि मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. त्यानंतर दोन वर्षं दादा ओट्यावर बसून होते. मांडीवर त्यांची बोटं मात्र चालत राहायची, रिकाम्या हवेत धागा ओवल्यासारखी.

ते दिवसच तसे होते. इकडे मिलचे दरवाजे बंद होत होते, तिकडे बाजाराचे उघडत होते. दादांच्या मिलला कुलूप लागलं आणि सेठजींच्या दिवाणखान्यात सहा स्पीकर आले.

एक दिवस सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं. कुठल्याही केबिनमध्ये शिरण्याआधी मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवून ठेवतो. तसा ठेवला.

"क्यों भिया, फारम में इलेक्ट्रॉनिक तुमने लिख्यो थो नी?"

"जी... वो... शौक है, सेठजी."

"बस! शाम को बंगले पे आ जा. मशीन आई है."

मशीन एक नव्हती, दोन होत्या. डिस्क प्लेअर सिंगापूरहून त्यांच्या मुलाने पाठवला होता. रिसीव्हर, म्हणजे प्लेअरकडून आवाज घेऊन तो सहा स्पीकरांना वाटून देणारा जड डबा, दुबईहून त्यांच्या मेव्हण्याने. मेव्हण्याने मुलाला विचारलं नव्हतं, मुलाने मेव्हण्याला विचारलं नव्हतं. दोन्ही डब्यांच्या पाठी इतकी भोकं होती की मला गरगरलं. देवाशपथ सांगतो, त्या भोकांकडे बघताना मला वाटलं की तीच माझ्याकडे बघताहेत.

पण त्या भोकांत मला एक बारीकशी काळी तार सापडली. तिच्यातून आवाज प्रकाश होऊन जातो, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. ती एका टोकाला इकडे आणि एका टोकाला तिकडे खोचली, बटण दाबलं, आणि काय सांगू! पडद्यावर सरी कोसळू लागल्या आणि सेठाणीबाई "अरे, म्हारा पापड!" म्हणत गच्चीकडे धावल्या. एवढा खरा आवाज!

मी घाबरत नाही असा क्षण माझ्या आयुष्यात क्वचित येतो. तो तेव्हा आला, आणि त्यानेच घात केला. खोक्यात सहा तारांचा जुडगा उरला होता. लाल, पांढरी, निळी, हिरवी, करडी, जांभळी. तीन-तीन मीटर लांब, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना सोनेरी टोपण.

"इनका क्या?" सेठजींनी विचारलं.

मी फिजिक्सच्या सरांसारखे हात मागे बांधले. "सेठजी, ये पुरानी टेक्नॉलॉजी है. अब डिजिटल का ज़माना है. सब कुछ एक ही तार में आता है."

"तो कचरो तू ले जा, भिया."

मी कचरा घरी आणला. दादांनी जुडगा हातात घेतला, एकेक तार चिमटीत फिरवून पाहिली आणि ओठांनी विचारलं, "हे काय?"

"कचरा," मी ओठांनी म्हणालो. "आता एका तारेत सगळं येतं, दादा."

"एका?" दादा हसले. "एका धाग्याचं कापड होत नाही, मिलिंदा."

मी फिजिक्सचा ग्रॅज्युएट. मी त्यांच्याकडे मायेने आणि थोड्या दयेने पाहिलं. (ही दया पुढे मला फार महागात पडणार होती.)

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर खुंटीवर पिशवी! सहा रंगांची, जाळीच्या विणीची, वर दोन कान, आणि खाली बारा सोनेरी टोपणं झुरमुळ्यांसारखी लोंबणारी. बरोबर माझ्या डब्याच्या मापाची. दादांनी एकही तार कापली नव्हती. विणकर धागा कापत नाही, वळवतो. आई चुलीपाशी पाठमोरी होती, ती वळली आणि ओठांनी म्हणाली, "दोन वर्षांनी हात चालले रे त्यांचे." मग पदराने डोळे टिपले.

मी ती पिशवी मोठ्या अभिमानाने कारखान्यात नेऊ लागलो. एकदा फाटकापाशी स्वतः सेठजींनी मला थांबवलं.

"भिया, थैली तो भोत सुंदर है! किधर से ली?"

"पिताजी ने बनाई है, सेठजी."

"वाह! और ये सोने के घुँघरू?" म्हणत त्यांनी एका टोपणाला टिचकी मारली. स्वतःच्याच तारेला!

तीन आठवडे सुखात गेले. मग अहमदाबादहून होणाऱ्या व्याह्यांचा फोन आला.

सेठजींच्या मुलीची सोयरीक ठरत आली होती. व्याही आवाजाचे दर्दी. घरात त्यांचंही होम थिएटर. मुलगी बघून झाली होती, आता त्यांना सेठजींचं थिएटर ऐकायचं होतं! त्यांनी नव्या जातीची एक परदेशी डिस्क आधीच पाठवून दिली आणि फोनवर विचारलं, "आपके यहाँ छियानवे तो आता है ना?"

सेठजींना छियानवे, म्हणजे हे शहाण्णव, काय असतं ते ठाऊक नव्हतं. पण नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. "छियानवे क्या, एक सौ एक आता है!" ते म्हणाले आणि फोन ठेवून मला बोलावलं.

राजीनाम्याचा मजकूर जुळवत मी बंगल्यावर गेलो. डिस्क घातली. रिसीव्हरच्या काचेवर निळी अक्षरं आली: ४८.

हा आकडा काय, ते दोन ओळींत सांगतो. आवाज डिस्कवर उतरवताना एका सेकंदाचे किती हजार तुकडे केले, तो हा आकडा. जितके जास्त तुकडे, तितकी बारीक वीण. डिस्कच्या वेष्टनावर ९६ छापलं होतं. काचेवर ४८ आलं.

सेठजींना फिजिक्स येत नव्हतं, पण तोलमाप येत होतं. "अड़तालीस! ये तो आधा हुआ! बाकी आधा किधर गया?"

"सेठजी, वो... शायद..."

"दुबईवाले ने रास्ते में रख लिया क्या?"

"नहीं सेठजी, आवाज़ कोई रख नहीं सकता..."

"तो तूने रख्यो?"

माझ्या हातातलं डिस्कचं वेष्टन फरशीवर पडलं. तो आवाज मात्र पूर्ण आला, अर्धा नाही.

"सोमवार को तेरे परमानेंट का कागज़ है नी, भिया?"

"जी."

"तो रविवार को मेरा छियानवे है." एवढंच बोलून ते उठले.

दोन्ही पुस्तिका घरी आणल्या. कामावर नेल्या. बसमध्ये उघडल्या तेव्हा अक्षरं थरथरत होती. बस थांबली तरी थरथरतच राहिली, म्हणजे थरथरत मीच होतो. शुक्रवारी दुपारी जेवताना प्लेअरच्या पुस्तिकेत, अगदी मागच्या एका पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत सापडलं. या जातीच्या डिस्कचा पूर्ण आवाज डिजिटल तारेतून बाहेर सोडला जात नाही, कारण कोणी तशीच नक्कल उतरवेल अशी कंपन्यांना भीती. (कंपन्यांनाही भीती वाटते हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं.) पूर्ण आवाज हवा असेल तर प्लेअरच्या मागची सहा भोकं रिसीव्हरच्या मागच्या सहा भोकांना सहा तारांनी जोडावीत. तारा सोबत दिल्या आहेत.

खाली चित्र होतं. सहा तारा. सोनेरी टोपणं.

चित्राच्या शेजारी, टेबलावर, माझी पिशवी. लाल, पांढरी, निळी, हिरवी, करडी, जांभळी. जांभळीवरून लोणच्याचं तेल ओघळत होतं.

हातातला घास मी परत डब्यात ठेवला.

मी पळत केबिनमध्ये गेलो. पिशवी हातातच राहिली. "सेठजी, छह तार लगेंगे! अभी जेल रोड के बाज़ार से ले आता हूँ!"

"लोकल?" सेठजी खुर्चीतून उठले. "लड़के ने सोने की नोकवाले भेजे थे. समधी जी पीछे झाँक के देखेंगे. वो ही लगने चिए. किधर हैं?"

खरं सांगायला माझ्याकडे एक क्षण होता. मी तो घालवला.

"घर पे हैं, सेठजी. सँभाल के रखे हैं."

"शाबास." त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. मी पिशवी पाठीमागे घेतली. बारा टोपणं एकमेकांवर आपटून छुनछुन वाजली. दादांच्या हातचे घुंगरू!

त्या संध्याकाळी मला दोन माणसांची भीती वाटत होती. सेठजींची तर जुनीच होती. दादांची नवी. ते रागावतील म्हणून नाही, ते रागावत नसत. पण दोन वर्षांत त्या हातांनी एकच वस्तू केली होती आणि तीच उसवा म्हणायचं होतं. मी ओट्यावर त्यांच्या समोर बसलो. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"बोल," दादा ओठांनी म्हणाले. "मासा झालास का?"

मी सांगितलं. तार, डिस्क, अर्धा आवाज, सोमवारचा कागद. शेवटी म्हणालो, "पिशवी उसवावी लागेल, दादा."

दादा काही बोलायच्या आत आई आतून आली आणि, आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच, मोठ्या आवाजात ओरडली. "नाही! बिलकुल नाही! त्यांच्या हातची आहे ती! सेठला सांग, बाजारातून आण म्हणावं!"

शेजारच्या काकू धावत दारात. "क्या हो गया हो? कोणी गेलं का?"

"अजून नाही!" मी म्हणालो. "सोमवारी जाईन."

दादांनी पिशवी मांडीवर घेतली. उलटी केली, सुलटी केली, गाठीवरून अंगठा फिरवला. मी खाली मान घालून बसलो. मग त्यांनी माझ्या हनुवटीला हात लावून चेहरा वर केला, कारण ओठ दिसल्याशिवाय आमच्यात बोलता येत नाही.

"एका धाग्याचं कापड होत नाही म्हणालो होतो की नाही?"

"म्हणाला होतात."

"मग? रडतोस कशाला? सकाळी उजेडात उसवू. तू हात लावू नकोस, गाठ मारशील."

सकाळी मी कामावर जाणार नव्हतो, सुट्टी घेतली होती. पण आईला सवयच. तिने डबा भरला आणि पिशवीत ठेवला. दादा चष्मा पुसत होते, एवढ्यात दारात सेठजींची जीप आणि ड्रायव्हर.

"चलो भिया! मेहमान एक दिन पेले ही आ गए. सेठजी बोले, छियानवे लेके आओ!"

दादांनी माझ्या चेहऱ्यावरून सगळं ओळखलं. त्यांनी खुंटीवरचा मिलचा खाकी सदरा काढला, दोन वर्षांनी अंगात घातला आणि ओठांनी म्हणाले, "चल. तिथेच उसवू." आईने बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, आणि आम्ही निघाल्यावर, शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, आणखी एक लावली.

दिवाणखान्यात सेठजी, आणि त्यांच्या शेजारी व्याही. गोरे, शांत, अर्धे डोळे मिटलेले. अशी माणसं मला ओरडणाऱ्यांहून जास्त भीती घालतात.

"आ गया हमारा इंजीनियर!" सेठजी म्हणाले. "और ये?"

"मेरे पिताजी. मिल में थे."

"ठीक है, ठीक है. तार?"

मी पिशवी गालिच्यावर ठेवली. दादा मांडी घालून समोर बसले, डबा काढून बाजूला ठेवला आणि खालचं पहिलं टोपण ओढलं.

सेठजी पिशवीकडे बघत होते. मी सेठजींकडे. त्यांच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली. "ये थैली मैंने किधर तो देखी है..."

"ये क्या है?" व्याह्यांनी अर्धा डोळा उघडला.

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पैकिंग है, सर. तार उलझें नहीं, इसलिए."

"अच्छा!" व्याही पुढे वाकले. "सिंगापुरवाले कमाल की पैकिंग करते हैं! मेरे तो प्लास्टिक में आए थे." मग त्यांनी नाक जरासं वर केलं. "ये... अचार की खुशबू है?"

सेठजींची नजर पिशवीवरून डब्यावर, डब्यावरून माझ्यावर. त्यांना आठवलं. मला ते आठवताना दिसलं! पण व्याह्यांसमोर काय बोलणार? ते दात आवळून हसले. "हाँ. कैरी का. विदेशी माल है."

दादांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यांची बोटं चालत होती. मी गाठ शोधायला निघालो असतो तर दिवाळी आली असती. ते विणलेलं उलट्या क्रमाने वाचत होते. पांढरी सुटली, निळी सुटली. व्याही आता पूर्ण डोळे उघडून त्या हातांकडे बघत होते. मी समोरून ओठांनी म्हणालो, "दादा, सेठजींनी ओळखलं. माझी नोकरी गेली."

दादा ओठांनी, "गप. लाल धर."

"बहुतेक आजच काढतील."

"लाल धर म्हणतो ना!"

"ये दोनों बिना आवाज़ के क्या मंतर पढ़ रहे हैं?" व्याह्यांनी दबक्या आवाजात सेठजींना विचारलं.

"पढ़ने दो," सेठजी म्हणाले. "मशीन का काम है."

सहा तारा सुट्या झाल्या. गालिच्यावर आता पिशवी नव्हती. दादांनी रिकाम्या जागेकडे एकदा पाहिलं. बस, एकदाच.

मग आम्ही डब्यांच्या पाठीमागे गेलो. इकडे सहा भोकं, तिकडे सहा. मी घाईत निळी एका टोकाला पुढच्या डाव्या स्पीकरच्या भोकात आणि दुसऱ्या टोकाला मागच्या उजव्याच्या भोकात खोचली. दादांनी माझ्या मनगटावर चापट मारली, ती काढली आणि तार डोळ्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेत सहाही जागच्या जागी लावल्या. मी डिस्क सुरू केली, रिसीव्हरवर सहा तारांचं बटण दाबलं आणि पुढे येऊन काचेकडे पाहिलं.

काचेवर आकडाच नव्हता.

छियानवे नाही, अठ्ठेचाळीससुद्धा नाही! नुसती एक रेघ.

"अरे!" सेठजी ओरडले. "अड़तालीस भी गया!"

सोमवारचा कागद, घरातला एकुलता पगार, दादांच्या दोन-दोन पाळ्या, आईच्या दोन मेणबत्त्या, सगळं त्या काचेत बुडालं. सेठजी आणि व्याही काचेपाशी नाक लावून उभे. मीही उभा. तीन शहाणी माणसं त्या रेघेकडे बघत होती आणि मागे डिस्क वाजत होती, हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं!

दादांना मात्र काचेशी काही देणंघेणं नव्हतं. ते आपले चालत पहिल्या स्पीकरपाशी गेले. तळहात ठेवला. मान हलवली. दुसऱ्यापाशी गेले. तळहात, मान. साचेखात्यातल्या फेरीसारखे. मागच्या डाव्या स्पीकरवर हात ठेवून मात्र ते थांबले, आणि बहिऱ्या माणसाला आपल्या आवाजाचा अंदाज नसतो त्या आवाजात, शेकडो माग चालू असल्यासारखे ओरडले, "इथे धागा तुटलाय!"

सेठजी दचकून सोफ्यावर बसले.

दादा पाठीमागे गेले, जांभळी तार उपसली, टोपण नाकाशी धरलं. लोणचं. सदऱ्याच्या टोकाने तेल पुसलं, आतला मसाल्याचा कण नखाने काढला, तार पुन्हा खोचली.

आणि खोली भरली. मला दुसरे शब्द येत नाहीत. समोरून, मागून, बाजूने सारंग्यांसारखी परदेशी वाद्यं उठली, आणि एका वादकाने श्वास घेतला तो माझ्या डाव्या खांद्यामागे ऐकू आला. मी घाबरून मागे पाहिलं. कोणी नव्हतं.

दादांनी सहाव्यावर हात ठेवला आणि ओरडले, "छह के छह साँचे चल रहे हैं, सेठजी! धागा कहीं नहीं टूटा!"

व्याह्यांनी डोळे मिटले. डिस्कचा तो तुकडा संपेपर्यंत उघडले नाहीत. मला वाटलं, गेले. मग ते म्हणाले, "मेरे यहाँ प्लेयर के काँच पे छियानवे आता है. पर ऐसा नहीं आता."

आता माझी विद्या जागी झाली. "सर, छह तारों से आए तो रिसीवर सिर्फ़ बजाता है, गिनता नहीं. इसलिए नंबर नहीं दिखता."

"ये बात अड़तालीस के टाइम क्यों नहीं बोला?" सेठजींनी विचारलं.

मी वाकून गालिच्यावरचा डबा उचलला.

निघताना सेठजींनी मला जिन्याखाली गाठलं. मी राजीनामा तोंडपाठ करून उभा.

"पैकिंग?" ते म्हणाले.

"माफ़ी, सेठजी."

"मेरी ही तार में मेरे सामने तीन हफ्ते अचार लाया तू?"

"...कभी-कभी मुरब्बा भी."

ते दादांकडे वळले, त्यांचे दोन्ही हात धरून ते उलटसुलट करून पाहिले, आणि नोकरांना हुकूम सोडला की दादाजींना चहा-नाश्ता करवल्याशिवाय सोडायचं नाही. बेटीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला तशाच पिशव्या हव्या होत्या. "पर रंगीन प्लास्टिक की," ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "और तार इसके हाथ मत लगने देना!"

सोमवारी कागद मिळाला. पक्का. मी तो घरी नेला, दादांनी तळहातावर ठेवून पाहिला आणि मान हलवली. पुढची कितीतरी वर्षं बंगल्यावर काही बिघडलं, की जीप आमच्या दारात यायची. मी पुढे बसायचो, दादा मागे. आणि पाहुण्यांसमोर सेठजी आमची ओळख करून द्यायचे. आधी दादांची, मोठ्या मानाने. मग माझ्याकडे वळून, जरा आवाज खाली आणून:

"और ये इनका लड़का. ग्रेजुएट है, पर बाप साथ हो तो काम कर लेता है."